भूत कोणाचे, स्मरण कोणाचे? : न्यू ऑर्लिन्समधील भूतकथा-फेरीचे एक चिकित्सक वाचन

प्रस्तावना

मराठीत ‘भूत’ हा शब्द गतकाळ आणि पिशाच्च अशा दोन्ही अर्थांनी रूढ आहे. जे होऊन गेले ते भूत; आणि होऊन गेले तरी जे जागा सोडत नाही तेही भूतच. भुताखेतांच्या कथांकडे केवळ अंधश्रद्धेचा नमुना म्हणून पाहणे त्यामुळेच अपुरे ठरते. एखाद्या समाजाने उघडपणे बोलण्याचे टाळलेले पुष्कळ काही अशा कथांच्या आडोशाने टिकून राहते. मात्र अशी कथा तिकीट लावून, रोज संध्याकाळी, ठरलेल्या वेळी सांगितली जाऊ लागली की तिच्यातील स्मृतीचे काय होते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकालाही टाळता येणारा नाही.

अलीकडच्या काही दशकांत पाश्चात्त्य शहरांतून असा एक कथनप्रकार चांगलाच रुजला आहे. संध्याकाळी मार्गदर्शकाबरोबर जुन्या वस्तीतून पायी हिंडावे, ठरावीक घरांसमोर थांबून भुतांच्या कथा ऐकाव्यात आणि अधूनमधून मद्यगृहात शिरून कॉकटेल घ्यावे, असे त्याचे साधारण स्वरूप असते. एडिंबरो, सव्हाना आदी शहरांत अशा फेऱ्या निघतात. परंतु अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहरात या प्रकाराला जो बहर आला आहे तो विशेष लक्षणीय आहे. प्रस्तुत लेखात तेथील ‘फ्रेंच क्वार्टर’ या जुन्या वस्तीतील भूतकथा-फेरीचा एक कथनसंहिता म्हणून विचार केला आहे. या कथनात कोणाचे स्मरण होते, कोणाचे होत नाही आणि हातातील पेला या स्मरणात कोणती भूमिका बजावतो, हे तीन प्रश्न या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत.

फेरीची घडण

फ्रेंच क्वार्टरमधील भूतकथा-फेरी सामान्यतः दीड-दोन तासांची असते. लोखंडी जाळीकामाचे सज्जे, गॅसचे मंद दिवे, अरुंद पदपथ ही तिची नेपथ्यरचना. फेरी ज्या घरांसमोर थांबते त्यांपैकी बरीच खाजगी मालकीची असल्याने श्रोत्यांना आत प्रवेश नसतो. बंद खिडक्यांकडे पाहत समोरच्या पदपथावर उभे राहूनच कथा ऐकावी लागते. जे दिसत नाही ते कल्पनेने भरून काढायचे, हा भयकथेचा मूलभूत संकेत येथे आपोआपच साधला जातो. या शहरात मद्याचा प्लॅस्टिकचा पेला घेऊन रस्त्यावरून चालण्यास मुभा आहे. त्यामुळे मद्यपान आणि कथाश्रवण या दोन स्वतंत्र क्रिया न राहता एकमेकींत मिसळून जातात.

मार्गदर्शकाला येथे शहराचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी स्थानिक इतिहासाची परीक्षा द्यावी लागते. ही सक्ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात आहे, असा दावा काही मार्गदर्शकांनी न्यायालयात केला होता. २०१४ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने परवान्याची सक्ती वैध ठरविली. मार्गदर्शकांनी काय बोलावे यावर या नियमाने कोणतेही नियंत्रण येत नाही, हे त्या निर्णयामागील एक महत्त्वाचे कारण होते. मार्गदर्शकाला इतिहास ठाऊक असला पाहिजे. तो त्याने सांगितलाच पाहिजे असे नाही. भूतकथा-फेरीची सारी संहिता या दोहोंमधील मोकळ्या जागेत उभी राहते.

मराठी वाचकाला या ठिकाणी नारदीय कीर्तनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. कीर्तनकारही उभ्याने बोलतो, श्रोत्यांचा कल पाहून आख्यान फुलवतो, नेमक्या जागी थांबतो. परंतु कीर्तनात उत्तररंगातील आख्यानाच्या आधी पूर्वरंगातील निरूपण असते. कथा कशासाठी ऐकायची याचे भान श्रोत्याला आधी दिले जाते आणि मगच तो कथेत शिरतो. भूतकथा-फेरीत उत्तररंग आहे, पूर्वरंग नाही. आख्यानामागून आख्यान येत राहते. त्या सर्वांना बांधणारे सूत्र सांगण्याची जबाबदारी कोणावरच नसते. मग हे सूत्र शोधण्याचे काम समीक्षेला करावे लागते.

रॉयल स्ट्रीटवरील घर

फ्रेंच क्वार्टरमधील बहुतेक भूतकथा-फेऱ्यांचा कळस रॉयल स्ट्रीटवरील ११४० क्रमांकाच्या घरासमोर गाठला जातो. डेल्फीन लालॉरी या धनाढ्य स्त्रीचे हे घर. १० एप्रिल १८३४ रोजी येथे आग लागली. आग विझवण्यासाठी धावून आलेल्या लोकांना आत डांबून ठेवलेले, साखळदंडांनी जखडलेले आणि छळाच्या खुणा अंगावर वागवणारे सात गुलाम आढळले. ‘न्यू ऑर्लिन्स बी’ या वृत्तपत्राने दुसऱ्याच दिवशी ही हकीकत छापली. संतप्त जमावाने घराची नासधूस केली. लालॉरी मात्र निसटली, पॅरिसला पोहोचली आणि १८४९ मध्ये तेथेच मरण पावली. तिच्यावर खटला असा कधी चाललाच नाही.

एवढा भाग कागदोपत्री आधार असलेला आहे आणि तो फेरीत सांगितलाही जातो. परंतु त्याच वृत्तान्तांतील दोन तपशील ज्या वजनाने यायला हवेत त्या वजनाने येत नाहीत. पहिला तपशील आगीच्या कारणाचा. चुलीला जखडलेल्या एका वृद्ध स्वयंपाकिणीने ही आग आपणच लावली असे सांगितल्याची नोंद आहे. वरच्या खोलीत नेल्या जाणाऱ्या शिक्षेपेक्षा तिने जळून मरणे पत्करले होते. म्हणजे या घराचे गुपित योगायोगाने उघडकीस आलेले नाही. एका गुलाम स्त्रीने स्वतःचा जीव पणाला लावून ते उघड केले. कथेची नायिका शोधायचीच असेल, तर ती या स्वयंपाकघरात आहे. फेरीच्या कथनात मात्र आग ही रहस्यस्फोटाची एक युक्ती ठरते आणि ती लावणारी स्त्री एका वाक्यात येऊन नाहीशी होते.

दुसरा तपशील त्यानंतरचा आहे. सुटका झालेल्या त्या जखमी माणसांना शहराच्या तुरुंगात नेण्यात आले आणि तेथे त्यांना पाहण्यासाठी हजारो नागरिक येऊन गेले. पीडितांचे शरीर हे गर्दीच्या कुतूहलाचा विषय होण्याची प्रथा या घटनेपुरती तरी १८३४ च्या एप्रिलमध्येच सुरू झाली होती. आज पदपथावर उभा असलेला, पेला हातात घेतलेला श्रोता नकळत त्या जुन्या रांगेच्या शेवटी येऊन उभा राहतो.

वाढत गेलेली कथा

लालॉरीच्या घराची कथा दोन शतकांत कशी वाढत गेली, हेही पाहण्यासारखे आहे. ब्रिटिश लेखिका हॅरिएट मार्टिनो हिने १८३८ च्या आपल्या प्रवासवर्णनात ती नोंदवली. मालकिणीच्या चाबकाच्या भयाने पळत सुटलेल्या आणि छतावरून पडून मेलेल्या एका लहान मुलीचा उल्लेख तिच्या लेखनात आहे. तेथे आणखीही एक गोष्ट आहे. अमानुष वागणुकीबद्दल कायद्याने लालॉरीकडून काही गुलाम काढून घेतले होते. परंतु तिच्या नातलगांनी ते विकत घेतले आणि तिला परत दिले, असे मार्टिनो सांगते. माणूस ही खरेदी-विक्रीची वस्तू असली की दयेचा कायदाही बाजारातूनच फिरून येतो, हे या एका तपशिलातून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही भीषण वर्णनातून होत नाही.

१९४६ मध्ये जीन डिलाव्हीन हिचा या शहरातील भूतकथांचा संग्रह प्रसिद्ध झाला आणि कथेचा रोख बदलला. १८३४ च्या वृत्तपत्रांत नसलेल्या अवयवच्छेदाच्या व किळसवाण्या प्रयोगांच्या वर्णनांची तीत भर पडली. पुढे फेऱ्यांनी हीच वर्णने उचलली. २०१३ मध्ये ‘अमेरिकन हॉरर स्टोरी’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या एका पर्वात लालॉरी हे प्रमुख पात्र झाले. त्याच वर्षी सॉलोमन नॉर्थप याच्या १८५३ मधील आत्मकथनावर आधारलेला ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. नॉर्थप हा मूळचा स्वतंत्र नागरिक. अपहरण होऊन १८४१ मध्ये तो न्यू ऑर्लिन्सच्याच बाजारात विकला गेला. एकाच शहराविषयीच्या, एकाच वर्षी पडद्यावर आलेल्या या दोन कथांतील भेद मूलभूत आहे. नॉर्थपच्या कथेत क्रौर्य रोजचे, हिशेबी आणि कायदेशीर आहे. लालॉरीच्या कथेत ते विकृत, अपवादात्मक आणि म्हणून रंजक आहे.

भूतकथेला राक्षसीण लागते. राक्षसीण मिळाली की बाकीचे सगळे सभ्य ठरतात. १८३४ मध्ये घर फोडणाऱ्या जमावाचा संताप खरा असेलही. परंतु त्या शहरातील गुलामांचे लिलाव त्यानंतरही अव्याहत चालू राहिले. ‘लालॉरी वेडी होती’ या वाक्याने त्या काळच्या नागरिकांची सुटका केली आणि आजच्या श्रोत्याचीही होते.

आणखी एक बाब नमूद करावयास हवी. आज रॉयल स्ट्रीटवर दिसणारी तीन मजली वास्तू ही आगीनंतरच्या पुनर्बांधणीतून उभी राहिलेली आहे. ‘याच खिडकीतून’ असे म्हणून मार्गदर्शक बोट दाखवतो, तेव्हा ती खिडकी घटनेनंतरची असण्याचाच संभव अधिक असतो. भूत आहे, घर बदललेले आहे.

पेल्यातील इतिहास

भूतकथा आणि कॉकटेल यांची सांगड वरवर पाहता केवळ व्यापारी सोय वाटते. भीतीने अंगावर काटा यावा आणि मद्याने तो बसावा, एवढेच तिचे प्रयोजन असे म्हणता येईल. परंतु न्यू ऑर्लिन्सच्या संदर्भात पेला ही दुसरी संहिता आहे आणि तीही वाचण्याजोगी आहे.

‘सॅझरॅक’ हे या शहराचे मानाचे पेय. २००८ मध्ये लुइझियानाच्या विधिमंडळाने ते न्यू ऑर्लिन्सचे अधिकृत कॉकटेल म्हणून घोषित केले. राय व्हिस्की, साखर, पेशो नावाच्या औषधविक्रेत्याचा कडू अर्क आणि पेल्याला आतून लावलेला ॲबसिंथसारख्या मद्याचा हात, अशी त्याची कृती आहे. या पेशोनेच अंड्याच्या कपात मद्य देण्याची पद्धत पाडली आणि त्या कपाच्या फ्रेंच नावावरून ‘कॉकटेल’ हा शब्द आला, अशी एक आवडती कथा सांगितली जाते. प्रत्यक्षात हा शब्द १८०६ मध्येच न्यूयॉर्क राज्यातील एका वृत्तपत्रात व्याख्येसह छापून आला होता आणि पेशो तेव्हा लहान मूल होता. म्हणजे भुतांप्रमाणे पेयांच्याही दंतकथा आहेत, आणि त्याही तेवढ्याच आत्मविश्वासाने सांगितल्या जातात.

परंतु खरा प्रश्न पेल्यातील साखरेचा आहे. १७९५ मध्ये एत्येन द बोरे याने न्यू ऑर्लिन्सजवळच्या आपल्या मळ्यात उसापासून दाणेदार साखर काढण्यात यश मिळवले आणि दक्षिण लुइझियानाचे अर्थकारण पालटले. ऊसतोडणी आणि रात्रंदिवस चालणारी चुलाणे यांसाठी माणसे हवी होती. १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास बंदी आल्यावर देशांतर्गत व्यापार वाढला आणि न्यू ऑर्लिन्स ही त्याची सर्वांत मोठी बाजारपेठ झाली. एक लाखाहून अधिक माणसे या शहरात विकली गेली.

यांपैकी काही लिलाव १८३८ मध्ये उघडलेल्या सेंट लुई हॉटेलच्या भव्य घुमटाखाली होत. त्याच इमारतीत प्रसिद्ध मद्यगृहही होते. एका बाजूस पेले भरले जात होते आणि एका बाजूस माणसांच्या किमती पुकारल्या जात होत्या. ती इमारत विसाव्या शतकाच्या आरंभी पाडली गेली. आज त्या जागी दुसरे हॉटेल आहे. जुन्या दर्शनी भिंतीचा एक तुकडा व त्यावरील ‘एक्स्चेंज’ या शब्दाची शेवटची काही अक्षरे तेवढी शिल्लक आहेत. मद्य आणि भयकथा यांची सांगड फेरीच्या आयोजकांनी नव्याने घातली असे मानले जाते. या घुमटाची आठवण ठेवली, तर तीच सांगड या शहरात पूर्वीच घातली गेली होती आणि त्या वेळी भय कल्पित नव्हते, हे ध्यानात येते. पेल्यातील साखरेचा खडा विरघळतो, त्याबरोबर हा इतिहासही विरघळतो.

प्रेमकथेचा मुलामा

फेरीतील दुसरी लोकप्रिय कथा ज्यूलीची. ही मिश्रवर्णीय तरुणी रॉयल स्ट्रीटवरील एका घरात आपल्या श्वेत प्रियकराबरोबर राहत असे. डिसेंबरातील कडाक्याच्या थंडीत रात्रभर छतावर विवस्त्र राहून दाखवलेस तर लग्न करीन, असे त्याने थट्टेने म्हटले. तिने ते खरे मानले आणि पहाटे ती गोठून मेलेली आढळली. आजही थंडीच्या रात्री ती छतावर दिसते, असे सांगतात. या कथेत करुण रस आहे. परंतु तो एका निर्दय प्रियकराभोवती फिरतो. लुइझियानात लागू झालेल्या १७२४ च्या ‘कोड न्वार’ने श्वेत व कृष्णवर्णीय यांच्या विवाहास मनाई केली होती आणि पुढे १८०८ च्या संहितेनेही ती कायम ठेवली. ज्यूली छतावर तग धरून राहिली असती, तरीही तिचे लग्न होऊ शकले नसते. प्रियकराची अट क्रूर होती. कायद्याची अट त्याहून कठोर होती. कथेने कायदा वगळून थंडी ठेवली आणि अन्यायाचे रूपांतर विरहात झाले.

ज्यांना भूतही होता आले नाही

आता पुन्हा रॉयल स्ट्रीटवरील त्याच घराकडे वळावे लागते. यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळात, १८७० च्या दशकात, या वास्तूत मुलींची शाळा भरत असे आणि तीत श्वेत व कृष्णवर्णीय मुली एकत्र शिकत. १४ सप्टेंबर १८७४ रोजी ‘व्हाइट लीग’ या श्वेतवर्चस्ववादी संघटनेने शहरात सशस्त्र उठाव केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिच्याशी संबंधित टोळी या शाळेत शिरली. मुलींना एकेक करून उभे केले गेले, त्यांचा वर्ण तपासला गेला आणि कृष्णवर्णीय ठरवलेल्या मुलींना घालवून देण्यात आले. जॉर्ज वॉशिंग्टन केबल या न्यू ऑर्लिन्सच्याच लेखकाने १८८९ च्या आपल्या पुस्तकात लालॉरीची कथा आणि शाळेची कथा या दोन्ही एकाच प्रकरणात, एकामागून एक सांगितल्या आहेत. एका वास्तूच्या दोन अपराधांचे एकत्र वाचन त्याने त्या काळात केले होते.

फेऱ्यांनी केबलच्या कथेचा पूर्वार्ध उचलला आणि उत्तरार्ध वगळला. कारण उघड आहे. उत्तरार्धात रक्त नाही, प्रेत नाही, साखळीचा आवाज नाही. दप्तर उचलून घरी गेलेली मुलगी भूत होत नाही. तिच्यावरील अन्याय मध्यरात्री घडला नाही; तो शाळेच्या वेळेत, भर दिवसा घडला. भयकथेचा साचा ज्या दुःखाला सामावून घेऊ शकत नाही, ते दुःख स्मृतीतूनही गळून पडते, ही या फेरीची सर्वांत गंभीर मर्यादा होय.

याउलट व्हाइट लीगच्या त्या उठावाचे स्मारक १८९१ मध्ये शहरात उभारले गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये हटवले जाईपर्यंत ते अस्तित्वात होते. गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनापती रॉबर्ट ली याचा पुतळाही १८८४ पासून मे २०१७ पर्यंत सुमारे साठ फूट उंच स्तंभावर उभा होता. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला भूत, आणि शाळेतील मुलींना दोन्ही नाही, अशी ही स्मरणाची वाटणी आहे.

प्रतिवाद आणि त्याची मर्यादा

येथे एक आक्षेप येऊ शकतो व त्यात तथ्य आहे. पुतळ्यांच्या त्या दीर्घ काळात गुलामगिरीच्या क्रौर्याची वाच्यता या शहरात सर्वाधिक कोणी केली असेल, तर ती भूतकथांनीच, असे म्हणता येईल. शहराच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने २०१८ मध्ये गुलामांच्या व्यापाराच्या ठिकाणी फलक लागले. त्यापूर्वी ‘या घरात माणसांना जखडून ठेवले होते’ हे वाक्य रस्त्यावर मोठ्याने उच्चारणारा बहुधा फेरीचा मार्गदर्शकच होता. अमेरिकन इतिहासकार टाया माइल्स हिने दक्षिणेतील अशा फेऱ्यांचा अभ्यास २०१५ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. भूतकथांमुळे गुलाम स्त्री-पुरुषांची आठवण जागी राहते. पण त्याच वेळी त्यांच्या दुःखाचे पुन्हा एकदा शोषण होते, असा दुहेरी अनुभव तिने नोंदवला आहे. म्हणून फेरी संपूर्णपणे त्याज्य ठरवणे अन्यायाचे होईल.

तथापि स्मरण कोणाच्या नावाने होते, हा प्रश्न उरतोच. मराठी वाचकाला शनिवारवाड्याची दंतकथा परिचित आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी मारल्या गेलेल्या नारायणरावाची काकाला घातलेली हाक अजून ऐकू येते, असे लोक सांगतात. तेथे हाक बळीची आहे आणि नावही बळीचेच. रॉयल स्ट्रीटवरचे घर मात्र अत्याचार करणारीच्या नावाने ओळखले जाते. जखडलेल्या सात जणांची नावे श्रोता घरी घेऊन जात नाही. या तुलनेत आपल्याला फार समाधान मानण्याचे कारण नाही. त्या दिवशी पेशव्याबरोबर वाड्यातील सेवकही मारले गेले. त्यांची हाक आपल्या दंतकथेतही ऐकू येत नाही. भूत होण्यासाठीही काही एक दर्जा लागतो, असेच जणू दोन्ही ठिकाणच्या कथा सांगतात.

समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. भूतकथा-फेरी गुलामगिरीचे स्मरण करते, परंतु व्यवस्थेचा अपराध एका व्यक्तीच्या विकृतीत बंदिस्त करून. ती पीडितांचे शरीर दाखवते. त्यांची कृती दाखवत नाही. हातातील पेल्यामागे असलेला साखरेचा, मळ्याचा आणि लिलावाचा इतिहास ती सांगत नाही, कारण तो सांगितल्यास श्रोता प्रेक्षक न राहता वारसदार होईल. आणि ज्या अन्यायात भयकथेला पुरेल एवढे भय नाही, त्या अन्यायाला तिच्यात जागा नाही.

हे दोष या प्रकारात अटळ आहेत असे मात्र नाही. त्याच पदपथावर, त्याच घरासमोर उभे राहून आग लावणाऱ्या स्वयंपाकिणीपासून कथा सुरू करता येईल. डिसेंबर १८७४ मध्ये दारातून बाहेर पडलेल्या मुलींपाशी ती संपवता येईल. वास्तू एकच आहे, अंतरही तेवढेच आहे आणि परवान्याची परीक्षा दिलेल्या मार्गदर्शकाला हा इतिहास अवघड नाही. उणीव आहे ती पूर्वरंगाची. तो लाभेपर्यंत ही फेरी संपताना रिकामे पेले गोळा होत राहतील, श्रोते घाबरल्याच्या समाधानात परततील, आणि ज्यांच्यामुळे हे घर पछाडलेले म्हटले जाते ती माणसे मात्र पुन्हा एकदा अनामिकच राहतील.